अनुराधापूरला जायचे आहे? मग ही शिदोरी बांधा



मालवण तालुक्यातील एका महिला मंडळाकडून या सदराला पत्र आले आहे. बाराजणी आहेत. कुणी अंगणवाडीत मदतनीस होती, कुणी काजूच्या कारखान्यात, कुणी मुंबईला गिरणी कामगाराच्या खोलीत संसार करून म्हातारपणी गावी परतली. बचत गटाचे पैसे बाजूला टाकत टाकत त्यांनी एक गाठोडे जमवले आहे. बोधगया झाली, दीक्षाभूमी झाली. आता त्यांना श्रीलंकेला जायचे आहे. "आम्हांला इंग्रजी येत नाही, पासपोर्ट नाही, विमानात कधी बसलो नाही. जमेल का?" असे त्या विचारतात.

जमेल. पण अर्धी तयारी घरीच करावी लागेल. त्यासाठी हा लेख.

सिलोन हे नाव आपल्या घरांना नवे नाही. रेडिओ सिलोनवरची गाणी ऐकत आपल्या कित्येक घरांत भाकऱ्या थापल्या गेल्या. १९७२ पासून त्या देशाचे नाव श्रीलंका झाले. आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या जवळपास पाचव्या भागाएवढे हे बेट. लोकसंख्या दोन कोटींच्या थोडी वर, आणि त्यातली दहापैकी सात माणसे बौद्ध. आपल्या कोकणाशी त्याचे नाते फार जुने आहे. सिंहली लोकांचा पहिला राजा विजय लंकेला पोहोचण्याआधी त्याचे जहाज सुप्पारकाला लागले होते, असे 'महावंस' हा पाली ग्रंथ सांगतो. हे सुप्पारक म्हणजे आपले नालासोपाऱ्याचे सोपारा. तिथला स्तूप १८८२ साली उकरून काढण्यात आला, हे अनेकांना ठाऊक असेल.

बाबासाहेब तिथे कशासाठी गेले?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० च्या मे महिन्यात माईसाहेबांसह सिलोनला गेले. २५ मे रोजी कॅन्डी येथे जागतिक बौद्ध भ्रातृसंघाची स्थापना झाली. प्रा. मललसेकर यांच्या पुढाकाराने भरलेल्या या परिषदेला बाबासाहेब उपस्थित होते. बौद्ध देशात धम्म प्रत्यक्षात कसा पाळला जातो, किती जिवंत आहे, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. कोलंबोला त्यांनी तरुण बौद्धांच्या संघात भारतातील बौद्ध धम्माच्या उदय आणि ऱ्हासावर भाषण केले. तिथल्या नगरभवनात त्यांनी अस्पृश्य समाजाला धम्म स्वीकारण्याचे आवाहनही केले. त्यानंतर सहा वर्षांनी नागपूर घडले. दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी महाबोधी सोसायटीचे देवप्रिय वलीसिंह हजर होते. तेही सिलोनचेच.

दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष तुम्ही पाहिला आहे. त्याच्या फांद्या भदन्त आनंद कौसल्यायन यांनी अनुराधापूरहून आणल्या. म्हणजे ज्या झाडाखाली तुम्ही नागपूरला बसलात, त्याच्या आईला भेटायला तुम्ही निघाला आहात. आणि आपल्या घरावर, विहारावर फडकणारा पंचरंगी धम्मध्वज? तोही कोलंबोचा. १८८५ सालच्या वैशाख पौर्णिमेला तो तिथे प्रथम उभारला गेला.

पासपोर्ट: घाई नको, आळसही नको

आधारकार्डावर श्रीलंकेला जाता येत नाही. नेपाळला मतदार ओळखपत्र तरी चालते, श्रीलंकेला पासपोर्टच हवा. परतीच्या तारखेनंतरही तो निदान सहा महिने चालू असावा. मोठ्या माणसाच्या साध्या, ३६ पानी, दहा वर्षांच्या पासपोर्टचे सरकारी शुल्क १५०० रुपये आहे. साठीच्या पुढच्यांना त्यात दहा टक्के सूट मिळते. अर्ज संगणकावर भरायचा असतो. गावातला एखादा शिकलेला मुलगा-मुलगी तो भरून देईल. एजंटाला दोन-तीन हजार देण्याचे काही कारण नाही. बऱ्याच ठिकाणी आता टपाल कार्यालयातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे. अर्ज भरतानाच जवळचे केंद्र दिसते.

आपल्या बायकांची अडचण वेगळीच असते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, रेशनकार्डावर नवऱ्याने सांगितलेले तिसरेच. जन्मतारीख तर प्रत्येक कागदावर निराळी. पासपोर्ट अडतो तो इथे. म्हणून आधी आधार आणि पॅनकार्ड यांवरील नाव व जन्मतारीख एकसारखी करून घ्यावी आणि मगच अर्ज भरावा. ज्यांचा जन्म १ ऑक्टोबर २०२३ च्या आधीचा आहे, त्यांना जन्मदाखलाच हवा अशी सक्ती नाही. शाळा सोडल्याचा दाखला, पॅनकार्ड अशा कागदांवर काम होते. लहान नातवंडे बरोबर नेणार असाल, तर त्यांचा वेगळा पासपोर्ट लागतो. आईच्या पासपोर्टावर मूल जात नाही.

अजून एक. जी माणसे दहावी पास नाहीत, त्यांच्या पासपोर्टावर 'ईसीआर' असा शेरा येऊ शकतो. तो पाहून घाबरू नये. आखाती देशांसारख्या काही ठराविक देशांत नोकरीला जाणाऱ्यांच्या रक्षणासाठी तो शेरा आहे. श्रीलंका त्या यादीत नाही, आणि फिरायला जाणाऱ्याला तर त्याची अडचणच नाही. 'तुमचा शेरा काढून देतो' म्हणून कुणी पैसे मागितले, तर त्याला सरळ घरचा रस्ता दाखवावा.

व्हिसाबाबत एवढेच सांगतो. भारतीयांसाठीचे नियम आणि शुल्क गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत. जाण्यापूर्वी श्रीलंका सरकारच्या 'ईटीए' या संकेतस्थळावर त्या आठवड्याचा नियम पाहावा. सरकारी नावासारखीच नावे घेतलेली खासगी संकेतस्थळे जास्त पैसे उकळतात, त्यांच्यापासून सावध असावे.

मालवणाहून निघायचे कसे?

मालवणाला रेल्वे नाही, हे मालवणकरांना सांगायला नको. कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवली स्टेशनवरून मुंबई गाठायची. मुंबईहून कोलंबोला थेट विमान आहे आणि ते अडीच तासांच्या आसपास पोहोचते. रेल्वेला कुडाळ ते मुंबई जितका वेळ लागतो, त्याच्या निम्म्याहून कमी! मात्र विमानाच्या दिवशी मुंबईत उतरायचा बेत करू नये. आदल्या दिवशी नातेवाईकांकडे मुक्काम करावा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते आणि दरड कोसळली की गाडी थांबते. गाडी चुकली तर दुसरी मिळेल, विमान चुकले तर तिकिटाचे पैसे बहुधा बुडाले असेच समजावे.

काहीजण समुद्रमार्गाचे विचारतात. जुन्या काळी मद्रासहून रेल्वेने धनुष्कोडीला जायचे आणि तिथून बोटीने तलैमन्नारला, असा प्रवास होता. १९६४ च्या डिसेंबरातल्या चक्रीवादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त केले. २०२३ च्या ऑक्टोबरात तामिळनाडूतील नागपट्टिणमहून जाफन्याजवळच्या कांकेसंतुरैला प्रवासी बोट सुरू झाली. पण हवामानाप्रमाणे ती कधी चालू, कधी बंद असते आणि आपल्याकडून नागपट्टिणम गाठण्यातच दोन दिवस मोडतात. म्हाताऱ्या माणसांनी विमानानेच जावे.

केव्हा जावे?

आपल्याकडे एकच पावसाळा, तिथे दोन. मे ते सप्टेंबर आपल्यासारखाच नैर्ऋत्येचा पाऊस कोलंबो आणि दक्षिण-पश्चिम बाजूला पडतो. वर्षाच्या अखेरीस ईशान्येकडचा पाऊस अनुराधापूरच्या बाजूला येतो. त्यामुळे फेब्रुवारी-मार्च हा काळ आपल्या वाटेसाठी बरा. एप्रिलच्या १३-१४ तारखेला सिंहली आणि तमिळ लोकांचे नववर्ष असते. दुकाने, खाणावळी बंद राहतात, बसगाड्यांना तोबा गर्दी होते. तसेही १४ एप्रिलला आपण आपली जयंती सोडून कुठे जाणार?

वैशाख पौर्णिमेला, ज्याला ते 'वेसाक' म्हणतात, सारा देश कंदिलांनी उजळतो. रस्त्यारस्त्यावर 'दन्सल' लागतात. दन्सल म्हणजे दानशाला. येणाऱ्या-जाणाऱ्याला भात, सरबत, चहा फुकट. जात नाही, धर्म नाही, पंगतीत कुणीही बसावे. जून महिन्यातल्या पौर्णिमेला 'पोसोन' म्हणतात. त्या दिवशी मिहिंतलेच्या डोंगरावर पांढऱ्या वस्त्रांतले लाखो लोक चढतात. हे पाहण्यासारखे खरे, पण त्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर महाग. गुडघे दुखणाऱ्यांनी गर्दीचे दिवस टाळावेत.

तिथे प्रत्येक पौर्णिमेला सरकारी सुटी असते. तिला 'पोय' म्हणतात, हा शब्द उपोसथावरून आला. त्या दिवशी दारूविक्री पूर्ण बंद असते, मांसाची दुकानेही बंद असतात. आपल्या वस्तीत पौर्णिमेला विहारात दहा माणसे जमवायला किती घरे फिरावे लागते, ते आठवा आणि तिथली पौर्णिमा जरूर पाहा.

सात दिवसांची वाट

टूरवाल्यांची 'श्रीलंका पाच दिवस' अशी जाहिरात असते. नीट वाचले तर त्यात चहाचे मळे, समुद्रकिनारा आणि खरेदी असते. अनुराधापूर नसतेच! मालवणच्या माणसाला पैसे मोजून समुद्रकिनारा दाखवणाऱ्याला काय म्हणावे? काहीजण रामायण यात्रा म्हणून वेगळेच फिरवून आणतात. म्हणून पैसे देण्यापूर्वी दिवसवार कार्यक्रम लेखी घ्यावा, आणि त्यात अनुराधापूर व मिहिंतले ही दोन नावे आहेत का ते बोट ठेवून पाहावे. पावती घ्यावी. परदेशी टूरच्या पॅकेजवर 'टीसीएस' नावाची रक्कम कापतात. ती आपल्या पॅनवर जमा होते आणि आयकर विवरण भरून परत मागता येते. हे पुष्कळांना माहीत नसते आणि पैसे तसेच राहतात.

आमच्या मते वाट अशी असावी. विमानतळ कटुनायक येथे आहे, कोलंबोच्या उत्तरेला सुमारे ३० किलोमीटर. तिथून कोलंबोत न शिरता थेट अनुराधापूर गाठावे. चार तास धरा. दुसरा पूर्ण दिवस अनुराधापूरला. सम्राट अशोकाची कन्या संघमित्ता थेरी हिने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बोधगयेहून आणलेली बोधिवृक्षाची फांदी इथे रुजवली गेली. तेच झाड आजही उभे आहे. माणसाने लावलेले आणि लागवडीचा काळ नोंदवलेले हे जगातील सर्वांत जुने झाड मानतात. पहाटे जावे. पांढरे कपडे घातलेल्या आयाबाया कमळाची फुले घेऊन शांतपणे बसलेल्या असतात. नंतर रुवनवेलिसाय हा पांढराशुभ्र महास्तूप, थूपाराम आणि जेतवनाराम. जेतवनाराम हा विटांचा स्तूप मुळात सुमारे १२२ मीटर उंच होता. यंत्रे नसलेल्या काळात, सतराशे वर्षांपूर्वी, तो कामगारांनी रचला. आपल्यातल्या गवंडीकाम केलेल्या माणसांनी तो हात लावून पाहावा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मिहिंतले, अनुराधापूरपासून १२-१३ किलोमीटर. अशोकाचा पुत्र महिंद थेर आणि राजा देवानंपिय तिस्स यांची भेट इथे झाली आणि लंकेत धम्म पोहोचला. पायऱ्या १८०० हून जास्त आहेत, पण वाहनाने अर्ध्यावर जाता येते. तिथून दम्बुल्लाची चित्रांची लेणी. चौथ्या दिवशी पोलोन्नरुवचे गल विहार. एकाच कातळात कोरलेल्या बुद्धमूर्ती, त्यातली महापरिनिर्वाण मुद्रेतली सुमारे १४ मीटर लांब. पाचव्या दिवशी कॅन्डीच्या वाटेवर मातलेजवळ अलुविहार. हे ठिकाण लहान, पण चुकवू नये. तोवर मुखोद्गत असलेले त्रिपिटक इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात इथे प्रथम ताडपत्रांवर लिहिले गेले. दुष्काळ आणि लढायांत पाठांतर करणारे भिक्खू मरत होते. धम्म नाहीसा होऊ नये म्हणून भिक्खूंनी लेखणी हातात घेतली. शिक्षणाचे मोल जाणणाऱ्या समाजाने इथे थोडा वेळ बसावे. संध्याकाळी कॅन्डीचे दंतधातू मंदिर. सहाव्या दिवशी रेल्वेने किंवा बसने कोलंबो आणि केलनिय विहार, सातव्या दिवशी परत.

२०२५ च्या नोव्हेंबर अखेरीस 'दिटवा' चक्रीवादळाने त्या देशात शेकडो माणसे दगावली. डोंगराळ भागातल्या रस्त्यांची आणि रेल्वेची मोठी हानी झाली. म्हणून कॅन्डीच्या बाजूला रेल्वेने जायचे असेल तर गाड्यांची आधी चौकशी करावी.

विहारात वागण्याचे नियम

पांढरी साडी, पांढरा सदरा-लेंगा हा आपला वंदनेचा पोशाख. तिथेही तोच. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. चपला आणि टोपी बाहेर ठेवावी. दुपारी तिथले दगड आपल्या जांभ्या कातळासारखे तापतात, म्हणून जाड पांढरे पायमोजे न्यावेत, ते चालतात. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणे हा तिथे अपमान समजतात. मूर्तीशेजारी तोंड करून उभे राहावे. बसमध्ये पुढची आसने भिक्खूंसाठी राखीव असतात, ती रिकामी ठेवावीत. स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श करू नये.

तरुण पोरांना खास सांगणे. दंडावर तथागतांचे चित्र गोंदवले असेल, तर पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. २०१४ साली अशा गोंदणामुळे एका ब्रिटिश महिलेला विमानतळावरच अटक करून देशाबाहेर पाठवले गेले. पुढे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई चुकीची ठरवली. पण निकाल येईपर्यंत तीन वर्षे गेली! बुद्धांचे चित्र असलेला टी-शर्टही घरीच ठेवावा. आपण श्रद्धेने घालतो, पण ते तिथे कळत नाही.

बोधिवृक्षाचे पान तोडू नये. 'आपल्या विहारात लावायला रोप नेऊ' असा मोहही धरू नये. परदेशातून रोप आणायला सरकारी परवाना लागतो, नाहीतर ते विमानतळावर काढून घेतात.

खाणे, पैसा, औषधे

जेवणाची काळजी मालवणकरांनी मुळीच करू नये. भात, नारळ आणि मासे हेच तिथले अन्न. आपल्या शिरवळ्या तिथे नाश्त्याला मिळतात, त्यांना 'इंदिआप्प' म्हणतात. तांदळाचे आंबवलेले पीठ आणि नारळाचा रस यांचा 'आप्प' हा आपल्या आंबोळीचा चुलत भाऊ. ओले खोबरे, लाल मिरची, कांदा आणि लिंबू यांचा 'पोल सांबोल' प्रत्येक पानात असतो. मात्र त्यात बहुधा सुक्या माशाची भुकटी घालतात, शाकाहारी असाल तर आधी सांगावे. माशाच्या कालवणात आपण कोकम घालतो, ते 'गोरक' घालतात. ते कोकमाच्याच कुळातले फळ. भेरली माडाचा गूळ-काकवी आणि म्हशीचे दही जरूर खावे. आणि एक गंमत: तिथेही पाटीवर 'हॉटेल' लिहिले असेल तर ती बहुधा खाणावळ असते, आपल्या एसटी स्टँडवरच्यासारखीच. मुक्कामासाठी 'गेस्ट हाऊस' विचारावे. अनुराधापूरला यात्रेकरूंसाठी धर्मशाळेसारख्या स्वस्त जागाही आहेत. पाणी मात्र बाटलीचेच प्यावे.

तिथला पैसाही रुपयाच, पण तो वेगळा. अलीकडे आपल्या एका रुपयाला तिथले तीन ते साडेतीन रुपये मिळतात. त्यामुळे चहाची किंमत ऐकून दचकू नये, तिनाने भागावे. निघताना भाव पाहून घ्यावा. पैसे बँकेत किंवा परवाना असलेल्या दुकानातच बदलावेत आणि पावती जपावी. ऐतिहासिक स्थळांचे तिकीट परदेशी माणसाला बरेच महाग आहे. सार्क देशांच्या नागरिकांना सवलतीचे दर असतात, म्हणून खिडकीवर पासपोर्ट दाखवून विचारावे. कॅन्डीत 'स्वस्तात रत्ने देतो' म्हणणाऱ्या रिक्षावाल्याच्या नादी लागू नये.

रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या दहा दिवसांच्या घ्याव्यात, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. त्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. डासांपासून जपावे, डेंग्यू तिथेही आहे. प्रवास विमा घ्यावा. मिश्री, तंबाखू, गुटखा बरोबर नेऊ नये, तिथे अशा तंबाखूवर २०१६ पासून बंदी आहे. सोडायला हे निमित्त चांगले! आजारपणात १९९० हा क्रमांक फिरवला की मोफत रुग्णवाहिका येते. पोलिसांसाठी ११९. घड्याळ बदलायला नको, तिथली वेळ आपलीच आहे.

भाषेला भिऊ नये. भेटल्यावर हात जोडून 'आयुबोवन' म्हणावे, म्हणजे दीर्घायुषी व्हा. 'स्तुती' म्हणजे आभार. 'कीयद?' म्हणजे केवढ्याला? भाताला ते 'बत्' म्हणतात, पाण्याला 'वतुर', विहाराला 'पन्सल', म्हणजे आपली पर्णशाला. आणि त्रिशरण-पंचशील तर पालीतच आहे. उच्चार थोडे वेगळे वाटतील, पण तुम्ही म्हणायला लागलात की शेजारची सिंहली आजी आपोआप सूर धरील.

डोळे उघडे ठेवून जावे

आता जे कोणतीही टूर कंपनी सांगणार नाही, ते सांगणे आमचे कर्तव्य आहे.

पहिले, तिथल्या बऱ्याच विहारांच्या आवारात विष्णू, कतरगम अशा देवतांची देवळे दिसतील. लोक तिथे नवस बोलतात. ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांना ते पाहून धक्का बसेल. तिथे कुणी कुणाला जबरदस्ती करत नाही. आपण बोधिवृक्षाला, स्तूपाला, बुद्धमूर्तीला वंदन करावे आणि पुढे जावे. वाद घालू नये, आपली प्रतिज्ञाही मोडू नये.

दुसरे, आणि जास्त बोचणारे. बुद्धांच्या त्या देशात जात आहे. १७५३ साली सयामहून आलेल्या भिक्खूंनी कॅन्डीला उपसंपदेची परंपरा पुन्हा सुरू केली. त्यातून सयाम निकाय झाला. पण पुढे या निकायात गोविगम या शेतकरी, वरच्या मानलेल्या जातीच्या मुलांनाच उपसंपदा, असा दंडक पडला. किनाऱ्यावरच्या जातींनी, म्हणजे दालचिनी सोलणाऱ्या, मासे मारणाऱ्या, माडी काढणाऱ्या लोकांनी, हे मुकाट्याने सोसले नाही. १८०० च्या सुमारास त्यांतले काहीजण समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात अमरपूरला गेले, तिथे उपसंपदा घेतली आणि १८०३ मध्ये परत येऊन आपला अमरपुर निकाय उभा केला. मालवणच्या किनाऱ्यावरच्या माणसाला ही गोष्ट आपलीच वाटेल. ज्यांना देवळाच्या दारात अडवले, त्यांनी दुसरा दरवाजा बांधला.

तिसरे, कॅन्डीकडे जाताना चहाचे हिरवे मळे दिसतील. फोटो काढाल, तेव्हा पाने खुडणाऱ्या बाईकडेही पाहा. इंग्रजांनी तामिळनाडूतून नेलेल्या मजुरांची ती नात-पणती. त्यांत दलित जातींची माणसे पुष्कळ होती. देश १९४८ साली स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या कायद्याने या लाखो कष्टकऱ्यांना नागरिकत्वाबाहेर टाकले. ते मिळवायला त्यांना कित्येक वर्षे झगडावे लागले. सिंहली-तमिळ युद्ध १९८३ ते २००९ चालले. दोन्हीकडची घरे रिकामी झाली. चहाच्या टपरीवर त्याची चर्चा काढू नये. जखमा ओल्या आहेत.

हे सारे सांगितले ते तुमचे मन मोडण्यासाठी नव्हे. बाबासाहेबही १९५० साली भारावून जाण्यासाठी गेले नव्हते, पारखायला गेले होते. आपणही तसेच जावे. त्यांच्याकडून पौर्णिमा पाळणे, दानाची पंगत, विहारातली शांतता शिकावी. आणि आपल्याकडे जे आहे तेही तिथे सांगावे. पुष्कळांना भारतीय म्हणजे हिंदूच असे वाटते. कुणी विचारले तर ताठ मानेने सांगावे, "आम्ही भारतातले बौद्ध, डॉ. आंबेडकरांची लेकरे." जमल्यास बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची मूळ इंग्रजी प्रत बरोबर न्यावी आणि एखाद्या विहाराच्या ग्रंथालयाला भेट द्यावी. जात गाडून धम्म कसा उभा करता येतो, हे त्यांनाही वाचू द्या.

शेवटी पैशाचे. कर्ज काढून कुणीही जाऊ नये. नातीची फी अडली असेल तर आधी फी भरावी, बोधिवृक्ष तेवीसशे वर्षे थांबला आहे, आणखी दोन वर्षे थांबेल. पण पैसा साठला असेल, गुडघे चालत असतील, तर "आता या वयात कशाला" असे म्हणणाऱ्यांचे ऐकू नये. मंडळातल्या बाराजणींनी या आठवड्यात एकच काम करावे: आधार, पॅन आणि शाळेचा दाखला एकमेकांशेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख ताडून पाहावी. जिची जुळत नाही, तिचे काम आधी हाती घ्यावे. म्हणजे पासपोर्टच्या रांगेत बाराच्या बाराजणी एकदम उभ्या राहतील आणि मागे कुणी राहणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!